रुग्ण हलविला, जबाबदारी कोठे गेली?

अपघात, प्रसूती, भाजणे किंवा सर्पदंश यांच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : ‘प्रकृती चिंताजनक असल्याने पुढील उपचारासाठी नागपूरला हलविण्यात आले.’ कामठी आणि आसपासच्या गावांतील वाचकांना हे वाक्य इतके सवयीचे झाले आहे की त्यावर त्यांची नजर अडखळतही नाही. कधी कधी त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्य येते : ‘तेथील डॉक्टरांनी तपासून मृत घोषित केले.’ या दोन वाक्यांच्या मधल्या काळात काय घडले हे मात्र कोणी छापत नाही. रुग्ण कोणत्या अवस्थेत निघाला, निघण्यापूर्वी त्याच्यावर कोणते उपचार झाले, वाटेत त्याच्याजवळ कोण होते, नागपुरात त्याची वाट कोणी पाहत होते काय आणि त्या तासाभरात त्याच्या जिवाची जबाबदारी नेमकी कोणाची होती, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही एका कार्यालयात, कोणत्याही एका नोंदवहीत मिळत नाहीत. ज्या व्यवस्थेत रुग्ण हलतो पण त्याच्याबरोबर जबाबदारी हलत नाही, त्या व्यवस्थेला आरोग्यव्यवस्था म्हणावे काय, हा कामठीच्या निमित्ताने विचारावयाचा मूळ प्रश्न आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठविणे हा स्वतः अपराध नाही. तालुक्याच्या ठिकाणी मेंदूवरील शस्त्रक्रिया व्हावी अशी अपेक्षा कोणी शहाणा माणूस करणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय अशी चढती रचना १९४६ च्या भोर समितीपासून भारतीय आरोग्यनीतीत गृहीत धरलेली आहे. खालच्या पायरीवर जे झेपत नाही ते वरच्या पायरीवर जावे, हे त्या रचनेचे तत्त्वच आहे. परंतु त्या तत्त्वाला एक अट जोडलेली आहे, ती म्हणजे प्रत्येक पायरीने आपले काम पुरे करून मगच रुग्णाला वर पाठवावे. रक्त वाहत असेल तर ते थांबविणे, श्वास अडला असेल तर तो मोकळा करणे, शिरेतून द्रव देणे, मोडलेले हाड फळीने बांधणे, प्राणवायू लावणे, ही कामे पहिल्या पायरीची आहेत. ती न करता केवळ चिठ्ठी लिहून दिली तर त्या चिठ्ठीला संदर्भपत्र म्हणणे ही शब्दांची फसवणूक ठरते. पाठविणे आणि हाकलणे यांत जो फरक आहे, तो रुग्णाच्या देहावर निघण्यापूर्वी काय झाले यावरून ठरतो.

कामठी हे काही आडवळणाचे खेडे नव्हे. कन्हान नदीच्या काठी इंग्रजांनी १८२१ साली लष्करी छावणी वसविली आणि तिच्या आधाराने हे गाव वाढले. विड्या वळणारे, हातमागावर आणि पुढे यंत्रमागावर बसणारे, वीटभट्ट्यांवर राबणारे अशा श्रमजीवींची येथे पिढ्यान्‌पिढ्या वस्ती आहे. तालुक्यात कोराडीचे औष्णिक विद्युत केंद्र आहे, जवळच कोळशाच्या खाणी आहेत आणि गावातून नागपूर-जबलपूर महामार्गाची अवजड वाहतूक अहोरात्र वाहते. म्हणजे जेथे माणूस अपघातात सापडण्याची, भाजण्याची, यंत्रात हात जाण्याची शक्यता अधिक, अशा सर्व गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत. विडी कामगारांना संघटित करणारे आणि ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास याच गावचे. १९३७ च्या निवडणुकीत कामगारांच्या बळावर ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात गेले आणि १९३९ साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने वारले. तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या वस्तीचा छातीच्या रोगाशी किती जुना संबंध आहे, याची ही नोंद कामठीच्या इतिहासातच आहे.

अशा गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, छावणी मंडळाचे रुग्णालय आहे आणि खासगी दवाखानेही आहेत. तरीही गंभीर रुग्ण आला की सर्वांच्या ओठी एकच शब्द येतो, नागपूर. याचे कारण गावाच्या दारिद्र्यात जितके आहे तितकेच त्याच्या भूगोलात आहे. नागपूर येथून अवघे सोळा किलोमीटर. तेथे एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले मेयो आहे, १९४७ साली स्थापन झालेले मेडिकल आहे आणि आता मिहानमध्ये एम्सही आहे. ‘इतकी मोठी रुग्णालये हाकेच्या अंतरावर असता कामठीला भूलतज्ज्ञ कशाला, रात्रीचा शल्यविशारद कशाला, रक्तसाठवणुकीची सोय कशाला?’ हा युक्तिवाद कोणत्याही शासकीय परिपत्रकात लिहिलेला नसतो. परंतु निधी वाटताना आणि पदे भरताना तोच चालतो. नागपूर शहरात वैद्यकीय महाविद्यालये आहेत म्हणून या जिल्ह्याला स्वतःचे जिल्हा सामान्य रुग्णालय असावे ही निकडसुद्धा शासनाला दीर्घकाळ भासली नाही. गडचिरोलीच्या आदिवासीचे दुःख असे की रुग्णालय फार दूर आहे. कामठीच्या विडी कामगाराचे दुःख असे की ते फार जवळ आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि हे ‘जवळ’ तरी कोणासाठी जवळ आहे? २०२४ साली कामठी मार्गावर दुमजली उड्डाणपूल खुला झाला. गड्डीगोदाम येथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि त्याहीवर मेट्रो, अशी चार थरांची रचना उभी आहे. अभियंत्यांच्या कौशल्याचा तो नमुना आहे, यात वाद नाही. परंतु रात्री दोन वाजता प्रसूतीच्या कळा अडलेली स्त्री जेव्हा उपजिल्हा रुग्णालयाच्या दारातून परत फिरते तेव्हा तिचा वेळ पुलावर जात नाही. तो जातो गाडी मिळविण्यात, पैसे जमविण्यात, मेयोला जावे की मेडिकलला की डागा स्मृती स्त्री रुग्णालयाला याचा निर्णय स्वतःच करण्यात, आणि तेथे पोहोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून कागद काढून, पुन्हा तीच तपासणी होऊन, खाट मिळेपर्यंत थांबण्यात. अंतर किलोमीटरमध्ये मोजणाऱ्यांना हा वेळ दिसत नाही. जखमीच्या बाबतीत पहिल्या तासाचे मोल वैद्यकशास्त्र सांगते. गरिबाचा तो पहिला तास दारोदार वाटला जातो.

या टोलवाटोलवीला आणखी एक कारण आहे, ते शासनाच्या अंतर्गत रचनेत दडलेले आहे. कामठीचे उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीत येते, तर मेयो आणि मेडिकल वैद्यकीय शिक्षण विभागाच्या. खाते वेगळे, मंत्री वेगळे, हिशेब वेगळे. रुग्ण एका खात्याच्या फाटकातून बाहेर पडला की त्या खात्याच्या दृष्टीने प्रकरण संपले. तो दुसऱ्या खात्याच्या फाटकात शिरेपर्यंत कोणाचाच नसतो. आणि तो वाटेत दगावला तर त्याची नोंद कोणाच्या अपयशात करावयाची? पाठविणाऱ्याच्या वहीत तो ‘संदर्भित’ असतो, स्वीकारणाऱ्याच्या वहीत ‘आणतेवेळी मृत’. दोन्ही वह्या आपापल्या परीने निर्दोष असतात आणि माणूस मात्र गेलेला असतो.

कायदा या बाबतीत मुका आहे असे समजण्याचे कारण नाही. परमानंद कटारा खटल्याला कारण झालेली घटना कामठीच्या वाचकाला ओळखीची वाटेल. मोटारीची धडक बसलेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयात नेले असता पोलिसी प्रकरणाचे कारण सांगून त्याला सुमारे वीस किलोमीटर दूरच्या रुग्णालयात पाठविण्यात आले आणि तो वाटेतच मरण पावला. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली निर्णय दिला की जीव वाचविणे हे शासकीय आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे आणि कोणतीही कायदेशीर औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही.

दुसरा निर्णय १९९६ चा. तो मिळविला पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या संघटनेने, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जुलै १९९२ मध्ये त्या संघटनेचा एक सभासद आगगाडीतून पडला आणि त्याच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली. गावच्या आरोग्य केंद्रापासून कलकत्त्याच्या मोठमोठ्या शासकीय रुग्णालयांपर्यंत त्याला फिरविण्यात आले. कोठे खाट नव्हती, कोठे साधन नव्हते. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७,००० रुपये खर्चून त्याचा जीव वाचला. न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई देवविली आणि शासकीय रुग्णालयाने तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या अधिकाराचा भंग आहे असे ठरविले. एवढ्यावर न थांबता न्यायालयाने उपायही सांगितले : रुग्णाची प्रकृती स्थिर करण्यापुरत्या सोयी प्राथमिक केंद्रात असाव्यात, जिल्हा व उपविभागाच्या रुग्णालयांचा दर्जा वाढवावा, कोठे खाट रिकामी आहे हे तत्काळ कळावे अशी मध्यवर्ती संपर्कयंत्रणा असावी, साधने व माणसे असलेल्या रुग्णवाहिका असाव्यात. पैशाची चणचण ही सबब जीविताच्या अधिकारापुढे चालणार नाही, हेही न्यायालयाने बजावले. या गोष्टीला सुमारे तीन दशके होत आली. न्यायालयाने सांगितलेली ही यादी हातात घेऊन कोणीही कामठी ते नागपूर प्रवास करावा आणि तिच्यातील कोणती कलमे रस्त्यात भेटतात ते पाहावे.

काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०११ पासून जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाने गरोदर स्त्रीला घरून रुग्णालयात आणि एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेण्याची सोय विनामूल्य केली. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि त्या गाड्यांवर डॉक्टर असतो. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची जनआरोग्य योजना अनेक शस्त्रक्रियांचा खर्च उचलते. परंतु गाडी ही रुग्णालयाची जागा घेऊ शकत नाही आणि योजनेचे कार्ड हा शल्यविशारद नव्हे. गाड्या वाढल्या आणि मधल्या पायरीवरील रुग्णालय पोकळच राहिले, तर एवढेच घडते की रुग्ण अधिक वेगाने पुढे ढकलला जातो. पूर्वी पाठविण्यास गाडी नव्हती म्हणून निदान काही उपचार करावे लागत. आता गाडी दाराशी आहे, हीच उपचार टाळण्याची सोय होऊ पाहत आहे.

या सर्व दोषांचे खापर रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरवर फोडणे फार सोपे आहे आणि म्हणूनच ते नेहमी फोडले जाते. त्याची बाजू समजून घेतली पाहिजे. एकटा डॉक्टर, सोबत एखादी परिचारिका, भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही आणि दाराबाहेर संतप्त जमाव. रुग्ण आपल्या हातात दगावला तर मार आपल्याला बसेल आणि पाठविल्यास निदान आपण सुटू, हा हिशेब भीतीतून जन्मतो. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० साली स्वतंत्र कायदा केला, पण डॉक्टरला धीर कायद्याच्या पुस्तकातून येत नाही. तो येतो पाठीशी उभ्या असलेल्या साहाय्यकांतून, साधनांतून आणि ‘तू जे करशील त्याला आम्ही जबाबदार आहोत’ असे सांगणाऱ्या वरिष्ठांतून. रिकाम्या हातांनी उभ्या केलेल्या माणसाने चिठ्ठी लिहिली तर त्या चिठ्ठीवर खरी सही शासनाची असते.

खासगी क्षेत्राची कथा निराळी आहे. तेथे रुग्ण साधनांअभावी पाठविला जातो त्याहून पैशाअभावी अधिक पाठविला जातो. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संधीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांतील १२ नवजात बालके होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत नागपुरात मेडिकल व मेयो मिळून एका दिवसात वीसहून अधिक मृत्यू झाल्याचे प्रसिद्ध झाले. दोन्ही ठिकाणी प्रशासनाने एक खुलासा केला : अनेक रुग्ण इतर रुग्णालयांतून अखेरच्या अवस्थेत पाठविण्यात आले होते. हा खुलासा खरा मानला तर तो अधिकच भयंकर आहे. रुग्णाजवळ पैसा असेपर्यंत तो खासगी आणि पैसा संपला की तो सार्वजनिक, असा हा व्यवहार झाला. नफा एकाच्या खात्यात आणि मृत्यू दुसऱ्याच्या, अशी ही वाटणी आहे.

कायदा येथेही आहे. सार्वजनिक न्यासाच्या नावाने करसवलती उपभोगणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली योजना मंजूर केली. दहा टक्के खाटा निर्धनांना विनामूल्य, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. आणि तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून, प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार देऊन, मगच आवश्यक तर सार्वजनिक रुग्णालयात पोहोचविण्याची व्यवस्था करावी, असा तिचा आशय आहे. तरीही २०२५ च्या मार्चमध्ये पुण्यातील एका नामांकित धर्मादाय रुग्णालयाने गरोदर स्त्रीच्या कुटुंबाकडे १० लाख रुपयांची अनामत मागितल्याचा आरोप झाला; ती स्त्री अन्यत्र प्रसूत होऊन मरण पावली आणि लोकक्षोभानंतर तातडीच्या रुग्णांकडून अनामत न घेण्याचे त्या रुग्णालयाने जाहीर केले. जी गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीच बंधनकारक होती, ती उपकारासारखी जाहीर करावी लागते, यावरून नियमांचे आयुष्य कागदावर किती आणि वॉर्डात किती हे कळते.

हा रोग केवळ गरीब देशांचा नाही. शिकागोच्या कुक काउंटी या सार्वजनिक रुग्णालयात इतर रुग्णालयांनी पाठविलेल्या ४६७ रुग्णांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ८७ टक्के रुग्ण पुरेसा विमा नसल्याच्या कारणाने पाठविले गेले होते, सुमारे एकचतुर्थांश रुग्णांची प्रकृती स्थिर नव्हती आणि लेखी संमती केवळ ६ टक्क्यांची होती. त्याच वर्षी, भांडवलशाहीचे उघड समर्थन करणाऱ्या रेगन यांच्या राजवटीत, अमेरिकेने कायदा केला : दारी आलेल्या प्रत्येकाला तपासावे, स्थिर करावे, पाठवावयाचे तर स्वीकारणाऱ्या रुग्णालयाची आधी संमती घ्यावी, कागदपत्रे सोबत द्यावीत, योग्य माणसे व साधने असलेल्या गाडीतून पाठवावे. त्या कायद्याने खर्चाची तरतूद केली नाही, ही त्याची मोठी उणीव. परंतु स्वीकृती मिळेपर्यंत जबाबदारी पाठविणाऱ्याची, हे तत्त्व त्याने निःसंदिग्धपणे मांडले. भारतात विधी आयोगाने २००६ च्या २०१ व्या अहवालात जवळजवळ याच आशयाचा कायदा सुचविला. राजस्थानने २०२३ साली आरोग्याच्या अधिकाराचा कायदा करून तातडीचे उपचार आगाऊ पैसे न घेता देण्याचे बंधन घातले. खासगी डॉक्टरांनी त्याविरुद्ध आंदोलन केले तरी कायदा झाला. पुरोगामी म्हणविणाऱ्या महाराष्ट्राने राजस्थानच्या मागे राहावे हे कोणाला शोभते?

तेव्हा मागणी काय असावी? पहिली अशी की कामठीच्या उपजिल्हा रुग्णालयात शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्तसाठवणूक चोवीस तास उपलब्ध असली पाहिजे. नागपूर जवळ आहे हे उत्तर यापुढे ऐकून घेऊ नये. दुसरी अशी की स्वीकारणाऱ्या रुग्णालयाशी बोलणे होऊन खाट व डॉक्टर निश्चित झाल्यावाचून कोणताही गंभीर रुग्ण हलवू नये, आणि तोपर्यंत त्याची पूर्ण जबाबदारी पाठविणाऱ्या रुग्णालयाची राहावी. मेयो, मेडिकल आणि तालुक्यांची रुग्णालये यांना दोन खात्यांच्या भिंती ओलांडून एका संपर्कयंत्रणेने जोडावे. तिसरी अशी की हलविलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी. तो केव्हा आला, काय उपचार झाले, का पाठविला, केव्हा निघाला, केव्हा पोहोचला आणि पुढे त्याचे काय झाले, हा हिशेब नावे वगळून दरमहा जनतेपुढे मांडावा. चौथी अशी की खासगी व धर्मादाय रुग्णालयांनाही हेच नियम लावावेत आणि निर्धन रुग्णाच्या तातडीच्या उपचाराचा वाजवी खर्च शासनाने द्यावा, म्हणजे सबब उरणार नाही.

यांतील तिसरी मागणी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत अधिक नाकारली जाईल ती तीच. कारण इमारत बांधता येते, तिचे उद्घाटन करता येते, तिच्यावर नावाची पाटी लावता येते. हिशेबाच्या वहीचे उद्घाटन होत नाही. पण जबाबदारी कोठे हरवते हे केवळ तीच वही दाखवू शकते. विडी कामगारांच्या संघटनांनी, वीज आणि कोळसा कामगारांच्या युनियनांनी, नगर परिषदेच्या सभासदांनी मजुरीच्या आणि पाण्याच्या प्रश्नाइतकाच हा प्रश्न आपला मानला पाहिजे. बंगालच्या शेतमजुरांनी एका सहकाऱ्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन साऱ्या देशासाठी अधिकार मिळविला. तो अधिकार कामठीच्या दारात अजून पोहोचलेला नाही. तो तेथे आणण्याचे काम कामठीच्या श्रमिकांनाच करावे लागेल. आणि त्याची सुरुवात, ‘नागपूरला हलविण्यात आले’ या वाक्यापुढे ‘कोणाच्या जबाबदारीवर?’ असे प्रत्येक वेळी, मोठ्याने विचारण्यातून होईल.